‘त्या काळी तसेच होते’ : एक सोयीस्कर असत्य

जगाच्या इतिहासाला कलाटणी देणाऱ्या घटना कोणत्या, असे आपल्या घरातील शाळकरी मुलांना विचारले तर त्यांची उत्तरे तयार असतात. १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, १४९२ साली कोलंबस अमेरिकेच्या बेटांना लागला, १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, १९४५ साली हिरोशिमावर अणुबाँब पडला. परीक्षेच्या दृष्टीने ही उत्तरे निर्दोष आहेत. कोण जिंकले, कोण हरले, कोणत्या भूमीवर कोणाचे निशाण फडकले, हे त्यांतून समजते. मात्र जिंकणाऱ्यांना त्या वेळी कोणी जाब विचारला होता काय, आणि विचारला असल्यास त्यांनी त्याचे काय केले, हे त्यांतून समजत नाही. माझ्या मते इतिहासाची खरी कलाटणी तेथे शोधावी लागते.

हा प्रश्न केवळ शालेय अभ्यासक्रमाचा असता तर त्यासाठी या त्रैमासिकाची पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण भूतकाळाकडे पाहण्याची एक सवय आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत, आणि आम्हा धर्मगुरूंतही, खोलवर रुजली आहे. गुलामगिरीचा विषय निघाला, इन्क्विझिशनचा निघाला, वसाहतवादाचा निघाला, की आपण एक वाक्य उच्चारून मोकळे होतो : “त्या काळी तसेच होते.” वाक्य समंजस वाटते. आजच्या फूटपट्टीने कालचे मोजू नये, असा इतिहासकाराचा विवेकही त्यात असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आपण ते विवेकासाठी वापरत नाही, चर्चा थांबवण्यासाठी वापरतो. या वाक्याशी मला आज उघड भांडण मांडायचे आहे. ते वाक्य असत्य आहे, आणि त्याचे असत्य दाखवून द्यायला एक तारीख पुरेशी आहे. ती तारीख आहे २१ डिसेंबर १५११.

त्या दिवशी आगमनकाळाचा चौथा रविवार होता. स्थळ होते कॅरिबियन समुद्रातील हिस्पानियोला बेटावरील सांतो दोमिंगो हे गाव. आज त्या बेटावर हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक असे दोन देश आहेत. त्या वेळी ते नव्या जगातील स्पॅनिश सत्तेचे केंद्र होते. गवताने शाकारलेल्या तेथील चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला वसाहतीतील सारी प्रतिष्ठित मंडळी जमली होती. कोलंबसचा मुलगा दिएगो कोलंबस तेव्हा बेटाचा गव्हर्नर होता. तोही हजर होता आणि राजाचे अधिकारीही हजर होते. डोमिनिकन संघाच्या व्रतस्थांनी त्यांना मुद्दाम निमंत्रण देऊन बोलावले होते. हे व्रतस्थ बेटावर येऊन सव्वा वर्षच झाले होते. त्यांचा प्रमुख पेद्रो द कोर्दोबा हा तिशीही न ओलांडलेला तरुण होता. त्यांच्यापैकी आंतोनियो द मोन्तेसिनोस हा प्रवचनासाठी उभा राहिला. अरण्यात ओरडणाऱ्याच्या वाणीविषयी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जे म्हटले, तो शुभवर्तमानातील भाग त्याने विषयासाठी घेतला होता.

तो काय बोलला हे आपल्याला बार्तोलोमे द लास कासास याच्या इतिहासग्रंथामुळे ठाऊक आहे. समोर बसलेल्या श्रद्धाळू लोकांना त्याने सांगितले की, या निष्पाप लोकांशी तुम्ही ज्या क्रौर्याने वागता त्यामुळे तुम्ही सर्व जण महापापात आहात, त्यातच जगता आहात आणि त्यातच मराल. मग त्याने प्रश्नांची सरबत्ती केली. कोणत्या न्यायाने तुम्ही यांना गुलामीत ठेवले? आपल्या भूमीवर शांतपणे राहणाऱ्यांवर कोणत्या अधिकाराने युद्धे लादली? यांना पोटभर न देता, आजारात न पाहता राबवून मारता कसे? ही माणसे नव्हेत काय? यांना विवेकशील आत्मा नाही काय? स्वतःवर करतो तशी प्रीती यांच्यावर करण्यास तुम्ही बांधलेले नाही काय?

हे प्रश्न ज्या व्यवस्थेविषयी होते तिचे नाव एन्कोमिएन्दा. त्या शब्दात ‘विश्वासाने सोपवणे’ असा अर्थ आहे. राजाने मूळच्या ताइनो लोकांचे गटच्या गट एकेका स्पॅनिश वसाहतवाल्याच्या हाती सोपवायचे. त्या लोकांनी त्याच्या शेतात आणि सोन्याच्या खाणींत राबायचे. बदल्यात त्याने त्यांचे रक्षण करायचे आणि त्यांना ख्रिस्ती धर्माची शिकवण द्यायची. कागदावर ही गुलामगिरी नव्हती, पालकत्व होते. त्या पालकत्वाचा हिशेब असा : बेटावरील मूळ लोकसंख्या किती होती याबद्दल अभ्यासकांत फार मतभेद आहेत, पण १५१४ सालच्या वाटपाच्या वेळी मोजणी झाली तेव्हा सुमारे २६ हजार ताइनो उरले होते. चार वर्षांनी तेथे देवीची साथ आली. शतकाच्या मध्यापर्यंत ही संख्या काही शेकड्यांवर आली. रोगराईने पुष्कळ माणसे नेली हे खरे आहे. पण उपाशी आणि खाणीत थकलेल्या देहांत रोगाला वाट सोपी होते, हेही खरे आहे.

प्रवचनानंतर जे घडले ते आपण नीट पाहिले पाहिजे, कारण आपल्या वाक्याची परीक्षा तेथे होते. चिडलेली मंडळी गव्हर्नरच्या वाड्यावर जमली आणि तेथून मठावर चालून गेली. या माणसाने राजाचा अवमान केला आहे, त्याने शब्द मागे घ्यावेत, ही त्यांची मागणी होती. पेद्रो द कोर्दोबाने त्यांना शांतपणे सांगितले की, ते प्रवचन एकट्या मोन्तेसिनोसचे नव्हते, आम्ही सर्वांनी विचार करून ते लिहिले आहे आणि त्यावर सर्वांच्या सह्या आहेत. पुढच्या रविवारी तोच पुन्हा बोलेल, एवढे आश्वासन घेऊन मंडळी परतली. माफी ऐकण्यासाठी पुढच्या रविवारी चर्च भरून गेले. मोन्तेसिनोसने आपलेच म्हणणे अधिक पुराव्यांसह पुन्हा मांडले. जे या लोकांना असे राबवतील त्यांना आम्ही पापनिवेदनात क्षमा देणार नाही, वाटमाऱ्याला देत नाही तशीच, असेही त्याने जाहीर केले. स्पेनच्या राजाकडे हवी तर खुशाल तक्रार करा, असेही सुनावले.

तक्रार झालीच. १५१२ च्या मार्चमध्ये राजा फर्डिनांड याने गव्हर्नरला लिहिले की, या व्रतस्थांना समज द्या आणि ते ऐकत नसतील तर जहाजात बसवून परत पाठवा. त्यांच्याच संघाच्या स्पेनमधील प्रांतप्रमुखाने त्यांची कडक कानउघाडणी केली. वसाहतवाल्यांची बाजू राजदरबारी मांडण्यासाठी जो गेला तो कोणी व्यापारी नव्हता, फ्रान्सिस्कन संघाचा एक धर्मगुरू होता.

आता मला सांगा, ‘त्या काळी तसेच होते’ म्हणजे नेमके कसे होते? त्या काळी हे पाप आहे असे सांगणारे होते आणि ते ऐकून संतापणारेही होते. ज्यांना हे पाप आहे हे कळलेच नव्हते, ते एवढे संतापले कशासाठी? जे सर्वांनाच स्वाभाविक वाटते त्याविरुद्ध कोणी बोलला तर लोक त्याला वेडा समजून घरी जातात. हे लोक घरी गेले नाहीत, मठावर चालून गेले. शब्द वर्मी लागल्याची ही खूण आहे.

आणि मोन्तेसिनोस हा पहिलाही नव्हता. त्याच्या ७६ वर्षे आधी, १४३५ साली, पोप चौथे यूजीन यांनी कॅनरी बेटांवरील रहिवाशांना गुलाम करणाऱ्या ख्रिस्ती लोकांना बजावले होते की, या लोकांना १५ दिवसांच्या आत मुक्त करा, अन्यथा ख्रिस्तसभेतून बहिष्कृत व्हाल. त्यानंतर पुरती वीस वर्षेही उलटली नाहीत तोच, १४५२ साली आणि पुन्हा १४५५ साली, पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला अख्रिस्ती लोकांची भूमी जिंकण्याची आणि त्यांना कायमचे दास करण्याची मुभा देणारी आज्ञापत्रे काढली. १४९३ साली पोप सहावे अलेक्झांडर यांनी स्पेनला नव्या जगाचा अधिकार दिला. रोमच्या एकाच धर्मासनावरून ही दोन्ही प्रकारची पत्रे निघाली. म्हणजे त्या काळाजवळ दोन मार्ग होते, दोन्ही माहीत होते, आणि त्यांतला एक निवडला गेला. तो का निवडला गेला, याचे उत्तर ‘काळ’ नव्हे. सोने, साखर आणि राजांची मर्जी हे त्याचे उत्तर आहे.

आणखी एक गोष्ट आपण नेहमीच विसरतो. ‘त्या काळी’ असे म्हणताना आपण तो काळ फक्त स्पॅनिश लोकांचा होता असे धरून चालतो. ताइनो लोकही त्याच काळात जगत होते. त्यांचे मत कोणी विचारले? हिस्पानियोलातून क्यूबाला निसटून तेथे प्रतिकार उभा करणारा हातुए नावाचा त्यांचा एक सरदार होता. १५१२ साली त्याला पकडून जिवंत जाळण्यात आले. लास कासासने नोंदवले आहे की, त्याला खांबाला बांधल्यावर एका व्रतस्थाने स्वर्ग आणि नरक यांची माहिती सांगितली. ख्रिस्ती लोक स्वर्गात जातात काय, असे त्याने विचारले. जे चांगले असतील ते जातात, असे उत्तर मिळाल्यावर मग मला तेथे जायचे नाही, असे तो म्हणाला. ख्रिस्ताच्या नावाविरुद्ध एवढी जळजळीत साक्ष कोणा नास्तिकाने क्वचितच दिली असेल. ती देणारा माणूस ‘त्या काळचा’च होता.

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातील. त्यांना उत्तर देणे मला भाग आहे.

पहिला आक्षेप असा की, त्या प्रवचनाने साधले काय? ताइनो तर वाचले नाहीत. हे खरे आहे, आणि ते मान्य करताना कोणीही शब्दांचे खेळ करू नयेत. मोन्तेसिनोस स्वतः राजाला जाऊन भेटला, त्याने हकीकत सांगितली, राजाने पंडितांची सभा भरवली आणि २७ डिसेंबर १५१२ रोजी बुर्गोसचे कायदे निघाले. पाच महिने खाणकाम केल्यावर ४० दिवस विसावा द्यावा, चार महिन्यांहून अधिक काळ गरोदर असलेल्या स्त्रीला खाणीत धाडू नये, कोणी कोणाला काठीने मारू नये वा कुत्रा म्हणू नये, असे त्यांत लिहिले होते. कशाची बंदी करावी लागली यावरून काय चालत होते ते समजते. पण एन्कोमिएन्दा कायम राहिली. कायदा समुद्रापलीकडे होता आणि अंमलबजावणी ज्यांच्या हाती होती तेच आरोपी होते. पुढच्याच वर्षी दरबारातील पंडितांनी एक जाहीरनामा तयार केला. सैन्याने गावावर हल्ला करण्यापूर्वी तो वाचायचा, आणि पोपने ही भूमी स्पेनच्या राजाला दिली असल्याने शरण या, असे त्यात सांगायचे. तो वाचायचा स्पॅनिशमध्ये, ती भाषा न समजणाऱ्यांपुढे. कधी ओसाड पडलेल्या गावापुढे, कधी नुसत्या झाडांपुढे तो वाचला गेला. असे अन्याय करणाऱ्यालाही कागद लागतोच.

तरीही प्रवचन वाया गेले असे मी म्हणणार नाही. बार्तोलोमे द लास कासास हा त्या बेटावर एन्कोमिएन्दा बाळगणारा धर्मगुरू होता. एका डोमिनिकनाने त्याला याच कारणासाठी पापक्षमा नाकारली होती, तरी तो बदलला नाही. १५१४ साली, क्यूबामध्ये प्रवचनाची तयारी करताना, गरिबाच्या ओरबाडलेल्या वस्तूचे अर्पण देवाला मान्य नसते, या अर्थाचा सिराकच्या ग्रंथातील भाग त्याच्या नजरेस पडला आणि तो थबकला. मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, १५ ऑगस्टला, त्याने आपल्याकडील सर्व लोक परत करत असल्याचे जाहीर केले. पुढची पन्नास वर्षे तो भांडत राहिला. १५३७ साली पोप तिसरे पौल यांनी घोषित केले की, हे लोक आणि पुढे ख्रिस्ती जगाला ज्यांची ओळख होईल ते सर्व लोक खरीखुरी माणसे आहेत, ते ख्रिस्ती नसले तरी त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावता येणार नाही. सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को द व्हितोरिया याने १५३९ साली दिलेल्या व्याख्यानांत आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्याची बीजे सापडतात. १५४२ साली राजाने नवे कायदे केले. १५५०-५१ मध्ये वल्यादोलिद येथे लास कासास आणि खिनेस द सेपुल्वेदा यांच्यात प्रसिद्ध वाद झाला. काही लोक जन्मतःच दास असतात हा ॲरिस्टॉटलचा सिद्धान्त या लोकांना लागू होतो, असे सेपुल्वेदाचे म्हणणे होते. वादाचा निकाल अधिकृतपणे लागलाच नाही. पण एका साम्राज्याला आपल्या विजयाच्या ऐन भरात स्वतःच्या न्याय्यतेचा खटला भरवावा लागला, त्याचे मूळ गवताने शाकारलेल्या त्या चर्चमध्ये आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच मंडळींकडून येतो. ख्रिस्तसभेचे दोष चव्हाट्यावर मांडून विरोधकांच्या हाती कोलीत का द्यावे? माझे उत्तर असे की, कोलीत त्यांच्या हाती पूर्वीच आहे, आणि ‘त्या काळी तसेच होते’ हे आपले उत्तर त्याला वारा घालते. पोप दुसरे जॉन पॉल १९९२ साली सेनेगलजवळील गोरे बेटावर गेले. जेथून आफ्रिकी माणसांना जहाजांत कोंबून नेत असत, तेथे उभे राहून त्यांनी या पापाबद्दल क्षमा मागितली. १२ मार्च २००० रोजी रोममध्ये त्यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या गत अपराधांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली बोलिव्हियात आणि २०२२ साली कॅनडात तेच केले. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने ती पंधराव्या शतकातील आज्ञापत्रे मूळ लोकांची समान प्रतिष्ठा पुरेशी व्यक्त करत नाहीत असे मान्य करून ‘शोधाच्या अधिकारा’चा सिद्धान्त नाकारला. त्याला साडेपाचशेहून अधिक वर्षे लागली. दरम्यान १८२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोच सिद्धान्त मूळ रहिवाशांच्या जमिनीवरील हक्काविरुद्ध वापरला होता. परमगुरुस्वामींना ज्याची लाज वाटली त्याचे समर्थन आपण चहाच्या पेल्यावर करत बसावे, हे श्रद्धेचे लक्षण नव्हे.

तिसरा आक्षेप आक्षेपासारखा दिसत नाही, म्हणून तो अधिक धोक्याचा आहे. मोन्तेसिनोसचे नाव ऐकून आपल्यातील काही जण सुखावतील. पाहा, मानवी हक्कांची घोषणा प्रथम आमच्या धर्मगुरूने केली! आजच्या सांतो दोमिंगोत समुद्रकाठी त्याचा भव्य पुतळाही आहे, मेक्सिकोच्या सरकारने १९८२ साली भेट दिलेला. पण पुतळ्याच्या सावलीत आपण उभे राहू नये. त्या बेटावर प्रवचन करणारे इतरही धर्मगुरू होते. त्यांची प्रवचने कोणाला खटकली नाहीत, म्हणून ती कोणी नोंदवूनही ठेवली नाहीत. खुद्द लास कासासने मूळ लोकांचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली होती. पुढे त्याला त्याचा घोर पश्चात्ताप झाला, पण तोवर जहाजे निघाली होती. विवेक एकदा जागा झाला म्हणून कायमचा जागा राहतो असे नाही. १८३८ साली अमेरिकेतील मेरीलँडच्या येशूसंघीयांनी आपल्या मळ्यांवरील २७२ माणसे विकली, आणि आलेल्या पैशांतला काही भाग त्यांच्या जॉर्जटाउन येथील महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यासाठी गेला. मोन्तेसिनोसच्या प्रवचनाला तेव्हा सव्वातीनशे वर्षे झाली होती. म्हणजे ‘त्या काळी’ ही सबब सोळाव्या शतकात खोटी होती आणि एकोणिसाव्या शतकात तर ती अक्षम्य होती.

आपला या साऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. १४५५ चे आज्ञापत्र ज्या पोर्तुगालच्या राजाला मिळाले, त्याच राजसत्तेच्या हाती १५३४ साली वसई आली. आपली जुनी चर्चेस त्या सत्तेच्या छायेत उभी राहिली. सर्व लोक खरी माणसे आहेत अशी घोषणा रोममध्ये झाली ती त्यानंतर तीनच वर्षांनी. तरी सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्याच्या मुख्य रस्त्यावर माणसांचे लिलाव होत असल्याचे डच प्रवासी लिन्सखोतेन याने लिहून ठेवले आहे. आपल्याला श्रद्धा मिळाली ती याच वाटेने, आणि ही वाट निष्कलंक नव्हती. श्रद्धेची किंमत त्यामुळे घटत नाही. आपली जबाबदारी मात्र वाढते.

जोतीराव फुल्यांना हे दूरवरचे नाते बरोबर दिसले होते. १८७३ साली प्रसिद्ध झालेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी हबशी गुलामांच्या मुक्तीसाठी झटून काम केले त्यांना अर्पण केले. पुण्यात बसून त्यांनी अटलांटिकपलीकडच्या साखळ्या ओळखल्या, कारण तशाच साखळ्या त्यांना आपल्या अंगणात दिसत होत्या. आपल्याला त्या दिसतात काय? गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ठाणे जिल्ह्यातील लग्नगड्यांची हकीकत लिहिली आहे. वारली तरुणाने लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या कर्जापायी बायकोसह जन्मभर त्याच्या शेतावर राबायचे. १९४५ साली वारली उठले तेव्हा ही व्यवस्था हादरली. वेठबिगारी कायद्याने रद्द व्हायला १९७६ साल उजाडावे लागले. हे सारे आपल्या शेजारच्या तालुक्यांत घडले. तेव्हा शेजारच्या चर्चांतून किती प्रवचने झाली?

जुन्या गोष्टी सोडून देऊ. आजचे पाहू. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि ख्रिस्तसभेत अस्पृश्यतेचा व्यवहार होतो हे त्यात स्पष्टपणे कबूल केले. त्याआधी २००३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तामिळनाडूच्या बिशपांना जातिभेदाविषयी बजावले होते. आपण तामिळनाडूकडे बोट दाखवू. पण आपल्या वसई परिसरात सामवेदी, वाडवळ, कोळी, आदिवासी असे आपण एकाच वेदीभोवती जमतो, एकाच भाकरीचे वाटेकरी होतो, आणि मुलीच्या लग्नाचा विषय निघाला की पहिला प्रश्न कोणता विचारतो? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती बांधवांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत, याविरुद्ध आपण मोर्चे काढतो आणि तसे करणे न्याय्यच आहे. पण सरकारकडे ज्या समतेची मागणी करायची ती आपल्या दिवाणखान्यात मात्र नको, हे कसे?

आणखी जवळ येऊ. झारखंड-छत्तीसगडच्या खेड्यांतून आलेल्या कितीतरी आदिवासी मुली आज मुंबई-वसईच्या कॅथोलिक घरांत घरकाम करतात. त्यांतल्या पुष्कळ जणी आपल्याच धर्माच्या आहेत. “आम्ही तिला मुलीसारखे ठेवतो,” असे सांगणारी कुटुंबे मला माहीत आहेत, आणि खरोखर तसे ठेवणारीही माहीत आहेत. पण मुलीसारखी म्हणजे कशी? तिला आठवड्याची सुट्टी आहे काय? रविवारच्या मिस्सेला ती जाते ती स्वतःसाठी, की बाळाला सांभाळण्यासाठी? तिचा पगार तिच्या हातात पडतो काय? ती कोणत्या ताटात जेवते आणि कोठे बसून? एन्कोमिएन्दाही ‘सोपवणूक’च होती, आणि तिच्या कागदांतही संरक्षण आणि धर्मशिक्षण हेच शब्द होते. शब्द गोड आहेत म्हणून व्यवस्था गोड ठरत नाही.

धर्मगुरूंनाही येथे सुटका नाही. सांतो दोमिंगोच्या त्या मठाचे पोट त्याच वसाहतवाल्यांच्या दानावर चालत होते. आपली चर्चेसही देणग्यांवर उभी आहेत. नवा मंडप, नवी घंटा, सणाचा खर्च यांसाठी ज्यांच्यापुढे आम्ही हात पसरतो त्यांच्या वीटभट्टीवर, बांधकामावर मजुरांना काय मिळते, हे विचारण्याचे धैर्य व्यासपीठावर आणायचे तर ते एकट्याचे काम नव्हे. पेद्रो द कोर्दोबाने आपल्या माणसाला एकटे पाडले नाही. प्रवचन सर्वांनी मिळून लिहिले, सर्वांनी सही केली, आणि संतापलेला जमाव दाराशी आला तेव्हा त्याला सामोरा गेला तो तोच. आजच्या एखाद्या धर्मगुरूने असे प्रवचन केले तर त्याच्या धर्मग्रामाची पॅरिश कौन्सिल त्यावर सही करील, की बिशपांकडे बदलीचा अर्ज धाडील?

म्हणून माझी मागणी आहे. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत १४९२ इतकेच १५११ हे साल शिकवले जावे, आणि ते अभिमानाचा धडा म्हणून नव्हे, तर आत्मपरीक्षणाचा पाठ म्हणून. आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी प्रत्येक धर्मग्रामात निदान एक तरी प्रवचन असे व्हावे की जे ऐकून समोरच्या बाकांवरील मंडळींना, आणि प्रवचन करणाऱ्यालाही, अस्वस्थ वाटेल. आणि घरोघरी, नाताळची करंजी तळण्याआधी, एक साधा हिशेब व्हावा : आपल्या घरी, शेतावर, दुकानात, बांधकामावर जो राबतो त्याचे नाव, गाव, पगार आणि सुट्टी आपल्याला ठाऊक आहे काय?

पन्नास-शंभर वर्षांनी आपली नातवंडे-पतवंडे आपल्या या दिवसांविषयी बोलतील. आपण काय केले आणि काय पाहूनही पाहिले नाही, हे त्यांना कागदपत्रांवरून कळेलच. तेव्हा आपली कड घेऊन कोणी म्हणेल, “त्या काळी तसेच होते.” त्या वेळी आपण नसू. पण आपल्याला सांगितले गेले होते, हे तेव्हाही खरेच असेल.